इंजिन चालू होईना, तेव्हा...



मागच्या रब्बीत गव्हाचं शेवटचं पाणी राहिलं होतं, आणि आमच्या गटाचं जुनं डिझेल इंजिन काही केल्या चालू होईना. हँडल मारून मारून आमचे खांदे भरून आले. दोन दिवसांनी मिस्त्री आला. त्यानं एक स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला, हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. टाकी कोरडी पडल्यानं एअर धरली होती, एवढंच! तोवर गव्हानं माना टाकल्या होत्या. त्याच दिवशी आम्ही ठरवलं, हे आपण शिकायचंच.

आधी एक समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीसाठी प्लग असतो, आपल्या इंजिनात तो नसतो. आत हवा 16-17 पट दाबली जाते. त्या दाबानंच ती 500 अंशांच्या वर तापते आणि डिझेलचा फवारा पडला की पेट घेते. म्हणजे दोन गोष्टी हव्यात : डिझेल पोचलं पाहिजे आणि दाब बसला पाहिजे.

पहिलं, डिझेल. टाकीत आहे का? कॉक उघडा आहे का? बंद करायचा खटका ‘बंद’वरच तर राहिला नाही ना? मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करा. फेस आला तर एअर आहे. बुडबुडे थांबून सरळ धार लागली की आवळा. पंपाच्या स्क्रूलाही तसंच करा. आता हळू हँडल फिरवा आणि कान द्या. नोझलचा ‘कट्... कट्’ आवाज आला, तर डिझेल आत पडतंय.

दुसरं, दाब. वरचा लिव्हर खाली पाडून हँडल फिरवा. ते जड लागलं पाहिजे. लोण्यासारखं सहज फिरलं, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या असतील. ते मिस्त्रीचं काम. हवेचा फिल्टर धुळीनं चोंदलाय का, तेही बघा.

धूरही सांगतो. हँडल मारताना धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, तर पोचतंय पण पेटत नाही, दाब तपासा.

आता जिवाची काळजी. पदर खोचा, वेणी बांधा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, इंजिन उलटं मारलं तर हात सुटतो. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीच धरू नका, डिझेल कातडीत घुसतं. आणि बंद खोलीत इंजिन चालवू नका, त्या धुरानं जीव जातो.

आता आम्ही मिस्त्रीला बोलावतो, पण आधी काय काय तपासलं ते सांगूनच. त्यामुळे तोही लागणारं सामान घेऊनच येतो. या आठवड्यात तुमच्या गटातल्या दोघींनी तरी तो एअर काढायचा स्क्रू शोधून ठेवा. पाणी देण्याच्या दिवशी शोधू नका!