जुन्या बंदुकीला काडतूस कोणतं? स्वस्ताच्या नादात नळी फुटेल

बार्शी : ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं रानात उतरतात आणि वडिलोपार्जित शेतसंरक्षणाची बंदूक बाहेर निघते. नवीन काडतूस महाग पडतं. मग 'रिकामं काडतूस परत भरून घे', 'जुनं पडलंय ते चालव' असे सल्ले मिळतात. ते ऐकण्याआधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

१२ बोर म्हणजे काय?
एक पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याएवढी नळी म्हणजे १२ बोर. २० बोरचं काडतूस त्याहून बारीक. ते चुकून १२ बोरमध्ये घातलं तर आत सरकून नळीत अडकतं. दिसत नाही म्हणून मागून १२ चं घातलं आणि चाप ओढला, की नळी फुटते.

लांबीही बघा. बऱ्याच जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० चं काडतूस बसल्यासारखं वाटतं, पण उडताना तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो.

थ्री नॉट थ्री का मिळत नाही?
ही लष्कराची आणि पोलिसांची बोर. साध्या परवान्यावर ती चालत नाही. म्हणूनच सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी ३१५ बोरची रायफल काढली. दोन्ही बोर दिसायला जवळच्या, पण काडतुसं वेगळी. एकाचं दुसऱ्यात घालून बघू नका.

काही जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत क्षार राहतात. ते नुसत्या तेलाने जात नाहीत, नळी गंजते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मगच तेल लावावं.

परत भरलं तर?
परदेशात जुन्या रायफली जपणारे हौशी लोक पितळी खोकी परत भरतात. तिथला कायदा वेगळा. आपल्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनवण्याला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दोन पैसे वाचवायला जाऊन अख्खं घर अडचणीत येतं.

ठासणीच्या बंदुकीत फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून त्यातली दारू ठासू नका, तिचा दाब जुनी नळी सोसत नाही.

मग काय करावं?
बंदूक परवानाधारक दुकानदाराकडे किंवा कारागिराकडे नेऊन बोर व घराची लांबी तपासून घ्या. काडतूस पावतीनेच घ्या, परवान्यावर नोंद करून घ्या. ओल लागून फुगलेलं, गंजलेलं काडतूस वापरू नका. वडील वारले असतील तर त्यांच्या परवान्यावर मुलाला बंदूक वापरता येत नाही. त्याला स्वतःच्या नावाने परवाना काढावा लागतो.

आणि एक. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. नान्नज परिसरातला काळवीट पिकात आला तरी त्याच्यावर गोळी झाडणं गुन्हाच. नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी लगेच वन विभागाला कळवा.