किल्वा : मोसमी वाऱ्याच्या सीमेवरचे बेट

आजच्या टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत, दार-एस-सलामपासून सुमारे ३०० किलोमीटरवर असलेले किल्वा किसिवानी हे लहानसे बेट तेराव्या-चौदाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेच्या सोन्याच्या व्यापारावर हुकमत गाजवत होते. हे सोने बेटावरचे नव्हते. ते निघे दूर नैर्ऋत्येला, आजच्या झिम्बाब्वेच्या पठारावर, तेथून मोझांबिकच्या किनाऱ्यावरील सोफाला बंदरात उतरे आणि मग किल्वाला येई. व्यापारातली ही मधली जागा किल्वाला मिळवून दिली ती मुख्यतः वाऱ्याने. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणारा वारा, ज्याला स्वाहिली खलाशी ‘कास्काझी’ म्हणतात, अरबस्तानातून आणि गुजरातेतून सुटलेली गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली आणी, आणि एप्रिलनंतर दक्षिणेकडून सुटणारा ‘कुसी’ त्यांना परत नेई. किल्वाच्या पुढे मात्र हे वारे भरवशाचे राहत नसत आणि सोफाला गाठून त्याच वर्षी मायदेशी परतणे परदेशी तांडेलाला सहसा साधत नसे. त्यामुळे बाहेरचा माल किल्वाला उतरायचा आणि पुढची फेरी किनाऱ्यावरच्याच, फळ्या दोरीने शिवून बांधलेल्या जहाजांनी करायची, अशी वाटणी होऊन गेली. या वाटणीतून मिळणारी जकात आणि दलाली हाच या नगराच्या वैभवाचा पाया होता.

नगराच्या स्थापनेची जी कथा सोळाव्या शतकातील किल्वाच्या बखरीत येते (या बखरीचा एक पाठ अरबीत आहे, तर दुसरा पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ मध्ये छापलेल्या ग्रंथात), तिच्या अरबी पाठानुसार शिराझहून आलेल्या अली बिन अल-हसन याने बेटाला वेढा पडेल एवढे कापड देऊन ते तेथील आफ्रिकी राजाकडून विकत घेतले. राजघराण्याला दूरच्या प्रतिष्ठित कुळाशी जोडण्याची बखरकारांची खोड मराठी वाचकाला नवी नाही, त्यामुळे ही कथा शब्दशः घेण्याचे कारण नाही. पुरातत्त्वज्ञ नेव्हिल चिटिक यांनी १९५८ पासून केलेल्या उत्खननांत आणि त्यानंतरच्या संशोधनात या घराण्याच्या आधीपासून बेटावर स्थानिक पद्धतीची मडकी वापरणारी वस्ती असल्याचे दिसून आले, आणि स्वाहिली ही भाषाही, अरबी शब्दांची मोठी भर पडलेली असली तरी, आफ्रिकेच्या बांटू भाषाकुळातलीच आहे. मात्र कथा सर्वस्वी पोकळही नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, किल्वासह या किनाऱ्यावरील अनेक मध्ययुगीन दफनांच्या जनुकीय अभ्यासात असे आढळले की मातृवंशाचा वारसा जवळपास संपूर्णपणे आफ्रिकी होता, तर पितृवंशाकडून आलेल्या वारशाचा बराच भाग इराणी असून त्यात थोडा भारतीय अंशही मिसळला होता. हे मिश्रण सुमारे इ. स. १००० पासून सुरू झाले. परके व्यापारी आले आणि येथल्या घरांत जावई झाले, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदली घराणे सत्तेवर आले आणि चौदाव्या शतकाच्या प्रारंभी अल-हसन बिन सुलेमान याच्या कारकिर्दीत किल्वाने कळस गाठला. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये येथे आला तो याच सुलतानाच्या काळात. या सुलतानाला लोक ‘अबुल मवाहिब’, म्हणजे दानांचा पिता, म्हणत. एका येमेनी फकिराने अंगावरची वस्त्रे मागितली तेव्हा सुलतानाने ती तिथल्या तिथे उतरवून दिली, पुढे राजपुत्राने दहा गुलाम देऊन ती परत मिळवली, आणि सुलतानाने त्यावर आणखी दहा गुलाम व हस्तिदंताची दोन ओझी फकिराला दिली, असे इब्न बतूता कौतुकाने सांगतो. हे दान आतील मुलखावर घातलेल्या छाप्यांतल्या लुटीतून येई, हेही तोच नोंदवतो, आणि उदारतेची ही गोष्ट वाचताना ते वीस गुलाम नजरेआड करणे योग्य नव्हे.

हुसुनी कुब्वा हा समुद्रावर झुकलेल्या कड्यावरचा, शंभराहून अधिक दालनांचा राजवाडा याच सुलतानाशी जोडला जातो. त्यातील अष्टकोनी स्नानकुंड आजही ओळखू येते, मात्र सगळा वाडा पुरा झाला नसावा असेच अवशेष सुचवतात. बांधकामाची रीत पाहण्याजोगी होती. भिंतींसाठी जमिनीवरचा जुना, खडबडीत प्रवाळदगड वापरीत. मिहराबाचे कोरीवकाम किंवा दाराच्या चौकटी यांसाठी समुद्रातून जिवंत प्रवाळ कापून आणीत, कारण ओला असताना तो सहज तासता येतो आणि वाळल्यावर कठीण होतो. चुनाही प्रवाळ भाजूनच करीत. छपराला खारफुटीचे वासे घालीत, आणि वाशाची उपयोगी लांबी मर्यादित असल्याने राहत्या घरांतल्या खोल्या लांब पण अरुंद, जेमतेम अडीच-तीन मीटर रुंदीच्या होत. नगरातील थोरल्या मशिदीच्या दक्षिणेकडील भागात मात्र वाशांची ही मर्यादा घुमट आणि कमानी उभारून ओलांडलेली दिसते. इब्न बतूताने नगर लाकडाचे आणि गवताने शाकारलेले असल्याचे लिहिले आहे, यावरून अभ्यासकांनी बराच खल केला; परंतु बहुसंख्य रहिवासी कुडाच्या घरांत राहत असावेत, हे ध्यानात घेतले तर या वर्णनात फारसे नवल उरत नाही.

या बंदरात चिनी मातीची भांडी, गुजरातचे कापड आणि भारतीय काचमणी येत. अलिबागजवळच्या चौल येथील उत्खननात मिळालेल्या मण्यांची रासायनिक घडण केनियाच्या किनाऱ्यावरील मण्यांशी जुळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, त्यामुळे या व्यापारात कोकणचाही वाटा होता असे म्हणता येते. किल्वाच्या सुलतानांनी स्वतःची तांब्याची नाणी पाडली, ज्यांच्या दोन्ही बाजूंचे लेख एकमेकांशी यमक साधतात. अल-हसन बिन सुलेमानचे एक नाणे झिम्बाब्वेच्या पठारावरील ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या नगराच्या अवशेषांत मिळाले, तर किल्वाची पाच नाणी १९४४ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावर एका सैनिकाला सापडली. पहिल्या नाण्याचा माग सोन्याच्या वाटेने लागतो. ऑस्ट्रेलियातील नाण्यांवरून मात्र आफ्रिकी खलाशांनी तो खंड गाठल्याचे जे दावे झाले, त्यांना नाण्यांपलीकडे आधार नाही.

पोर्तुगीज आले तेव्हा किल्वाचा भर ओसरू लागला होता. १५०२ मध्ये वास्को द गामाने येथून खंडणीचे सोने वसूल केले. त्यातून १५०६ मध्ये घडवलेले ख्रिस्ती पूजापात्र आज लिस्बनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १५०५ च्या जुलैत ताफा घेऊन आलेल्या पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द आल्मेदाने नगर लुटून किल्ला बांधला, आणि तोच ताफा मोंबासा जाळून सप्टेंबरात गोव्याच्या अंजदीव बेटावर पोचला, तेथेही किल्ल्याचे काम सुरू झाले. त्या ताफ्यातून आलेला त्याचा मुलगा लोरेन्सो १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात लढताना मारला गेला. किल्वाचा किल्ला पोर्तुगिजांनी १५१२ मध्येच सोडला, कारण सोफालाला त्यांनी स्वतःचे ठाणे घातल्यावर मधल्या मुक्कामाची गरज उरली नव्हती आणि सोन्याचा ओघही झांबेझी नदीकडे वळत होता.

अठराव्या शतकात बेट पुन्हा गजबजले, ते गुलामांच्या व्यापाराने. मॉरिस नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने १७७६ मध्ये दरवर्षी एक हजार गुलाम पुरवण्याचा करार सुलतानाकडून करून घेतला. त्यानंतर ओमानी सत्ता आली, आणि एकोणिसाव्या शतकात हा व्यापार मुख्य भूमीवरील किल्वा किविंजे या बंदरात गेल्यावर बेटावर मच्छीमार आणि शेतकऱ्यांची वस्ती तेवढी राहिली. युनेस्कोने १९८१ मध्ये किल्वा किसिवानी आणि शेजारच्या सोंगो म्नारा या बेटांवरील अवशेषांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि लाटांनी किनारा खचून भिंती ढासळू लागल्याने २००४ ते २०१४ या काळात त्यांची नोंद धोक्यातील वारशांच्या यादीत होती.