पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

आमच्या सावद्यात केळी कशी पिकवायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. कच्च्या फण्यांच्या ढिगात एक पिवळं झालेलं केळं ठेवायचं, वर गोणपाट टाकायचं आणि खोलीचं दार लावून घ्यायचं. काही दिवसांत सगळ्या फण्यांवर रंग चढू लागतो. ते एक केळं काही प्रत्येकाला शिवायला जात नाही. त्यातून इथिलिन नावाचा वायू सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बंद खोलीत कोपऱ्यातल्या फणीपर्यंतसुद्धा पोचतो.

गोवराचंही बरंचसं असंच आहे, मैत्रिणींनो. तो अंगावर दिसतो, म्हणून आपण त्याला कातडीचा आजार समजतो. पण तो येतो श्वासातून आणि जातोही श्वासातूनच. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

गोष्ट आमच्याच घरातली. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. नऊ महिन्यांच्या डोसाच्या वेळी ती माहेरी होती. परत आली तर बाळाला सर्दी. मग घरात लग्न निघालं. "देऊ की पुढच्या महिन्यात" असं म्हणता म्हणता लसीकरणाचं कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली राहून गेलं. दोष तिचा एकटीचा कसा म्हणू? घरात आम्ही एवढ्या बायका, पण एकीनेही कधी विचारलं नाही.

लग्न आटोपून दहा-बारा दिवस झाले आणि त्याला ताप भरला. खोकला, वाहतं नाक, लाल झालेले डोळे. "लग्नातली दगदग, दुसरं काय!" असं आम्ही म्हणालो. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ दिसलं आणि सासूबाईंनी लगेच ओळखलं. त्यांनी त्याला मागच्या खोलीत हलवलं, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला आणि बाहेरच्या माणसाला उंबरा बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास भराभर चालू लागला. दवाखान्यात नेलं तर न्यूमोनिया निघाला. सहा दिवस ठेवावं लागलं. देवाच्या दयेने पोर वाचलं.

तो घरी आला त्याच आठवड्यात शेजारच्या आठ महिन्यांच्या मुलीला ताप आला. पाठोपाठ पुरळ. तिची आई मला म्हणाली, "ताई, पुरळ आल्यापासून आम्ही तुमच्याकडे पाऊलही टाकलं नाही हो. मग हिला कुठून झालं?"

तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. नंतर आठवलं. पुरळ उठायच्या तीन दिवस आधी ती विरजण मागायला आली होती, मुलगी कडेवर होती. आमचा मुलगा तेव्हा आतल्या खोलीत तापाने झोपलेला. मुलीने त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

तो गेला, पण हवा तिथेच होती

तोंड न पाहता आजार कसा लागतो, हे एका जुन्या घटनेतून चांगलं समजतं. १९८१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा आला. त्याला गोवर होता आणि तो सारखा खोकत होता. तासभर थांबून तो निघून गेला. पुढे त्या दवाखान्यात येऊन गेलेल्या सात मुलांना गोवर झाला. शोध घेणाऱ्यांनी कोण कधी आलं, कुठे बसलं हे बारकाईने जुळवून पाहिलं. सातांपैकी तिघं त्या मुलाबरोबर एका खोलीत आलेच नव्हते. त्यातलं एक मूल तर तो गेल्यानंतर तासाभराने दवाखान्यात शिरलं होतं!

खोकताना, शिंकताना, बोलतानाही तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. पण काही कण इतके बारीक असतात, की उन्हाच्या तिरिपेत तरंगणाऱ्या धुळीसारखे ते हवेत राहतात. गोवराचा विषाणू अशा हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. सर्दी, फ्लू आणि कोरोनाचे विषाणूही श्वासावाटेच पसरतात. २०२० आणि २०२१ ची आठवण आपल्यापैकी कुणाला नाही? पण पसरण्यात गोवराचा हात धरणारा आजार विरळा. कुणालाच संरक्षण नसेल, तर एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना लागण होते असा अंदाज आहे.

आता मुख्य गोष्ट ऐका. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोगी आजार पसरवत असतो. म्हणजे आपण "साधी सर्दी आहे" म्हणतो, पोराला कडेवर घेऊन बाजारात जातो, विरजण देतो-घेतो, ते दिवस धोक्याचेच असतात. सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. रोग्याला वेगळं ठेवणं हे शहाणपणच आहे, जुन्या बायका ते अनुभवाने शिकल्या होत्या. पण डहाळा लागेपर्यंत गोवर उंबरा ओलांडून गेला होता.

लस शरीराला काय शिकवते?

१९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवर आला. जॉन एंडर्स आणि त्यांचे सहकारी थॉमस पीबल्स यांनी एका आजारी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. तो पुन्हा पुन्हा पेशींमध्ये वाढवून इतका दुबळा केला, की तो माणसाला आजारी पाडू शकेना, पण शरीराला त्याची ओळख मात्र पटावी. १९६३ मध्ये त्यातून पहिली लस निघाली. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ही लस तयार होते आणि जगातल्या कितीतरी देशांना जाते.

फ्लूचा विषाणू सतत रूप पालटत राहतो, म्हणून त्याची लस पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. गोवराचं तसं नाही. शरीराने त्याला एकदा नीट ओळखलं की ती ओळख सहसा जन्मभर टिकते. मग दोन डोस कशाला, असं तुम्ही विचाराल. नऊ महिन्यांच्या शंभर बाळांना पहिला डोस दिला, तर सुमारे पंच्याऐंशी जणांत संरक्षण तयार होतं. उरलेल्या पंधरांपैकी बहुतेकांना दुसरा डोस सांभाळून घेतो. म्हणून दुसरा डोस म्हणजे "झाला तर झाला" असं समजू नका.

"आमच्या लहानपणी सगळ्यांना गोवर झाला, काय बिघडलं?" हेही नेहमी ऐकू येतं. ज्यांचं बिघडलं, ती मुलं सांगायला उरली नाहीत, हे आपण विसरतो. शिवाय गोवर जाताना घरातलं आणखी काही घेऊन जातो. हॉलंडमधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या गोवराच्या आधीच्या आणि नंतरच्या रक्ताची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतर आजारांशी लढायला शरीराने जमवलेली प्रतिपिंडं गोवराने पुसून टाकली होती, कुणाची अकरा टक्के, तर कुणाची तब्बल त्र्याहत्तर टक्के. आमचा मुलगा पुढचं सगळं वर्ष का आजारी पडत राहिला, ते मला हे वाचून उमगलं. लस घेतलेल्या मुलांत अशी हानी दिसली नाही.

शेजारणीच्या बाळासाठी

राहिला प्रश्न त्या आठ महिन्यांच्या मुलीचा. तिच्या आईने कसलीच हयगय केली नव्हती. तिच्या डोसाची वेळच आली नव्हती.

बाळ पोटात असताना आईची प्रतिपिंडं त्याला मिळतात. ती काही महिने पुरतात आणि हळूहळू विरत जातात. ती अंगात असताना लस दिली तर ती लसीचाच जोर मोडतात, म्हणून नऊ महिने थांबायचं. पण काही बाळांची ही शिदोरी सहा-सात महिन्यांतच संपते. मधले दोन-तीन महिने ते बाळ उघडं पडतं. तेवढ्या दिवसांत त्याला कोण सांभाळणार? घरातली, शेजारची, अंगणवाडीतली मोठी मुलं, ज्यांना लस मिळाली आहे ती. गोवर त्यांच्यापाशी येऊन थांबला, तर बाळापर्यंत पोचणार नाही. त्यासाठी शंभरांतल्या पंच्याण्णव जणांना संरक्षण असावं लागतं.

कोरोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले. त्याची किंमत २०२२ च्या अखेरीस मोजावी लागली. मुंबईच्या गोवंडी भागात गोवर उफाळला, मग भिवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात. त्यात बालमृत्यूही झाले. जिथे फार लहान बाळांना गोवर होत होता, तिथे सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस देण्याचं ठरलं.

आमच्या मुलाला वेळेवर सुई टोचली असती, तर ती शेजारच्या मुलीलाही उपयोगी पडली असती. तिचा ताप उतरला, पण कान पुढे तीन महिने वाहत होता. तिच्या आईने मला कधी बोल लावला नाही. मलाच तिच्या दारावरून जाताना मान वर करवत नसे.

घरात एवढं सांभाळा

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी केंद्रावर दोन्ही फुकट मिळतात.

माहेरी जाताना कार्ड बरोबर न्या. डोस कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रावर घेता येतो. आणि राहिलाच असेल तर "आता काय उपयोग" म्हणू नका, उशिराही देता येतो.

साध्या सर्दी-पडशासाठी डोस पुढे ढकलू नका. लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने थोडा ताप, बारीक पुरळ आलं तर घाबरू नका. लस कालवल्यावर चार तासांतच वापरावी लागते, उरली तर टाकून द्यावी लागते. म्हणून नर्सबाई ठरल्या दिवशी बोलावतात, तो दिवस पाळा. गरोदर बाईने मात्र ही लस घ्यायची नसते.

मुलाला ताप, खोकला आणि लाल डोळे असे तिन्ही एकदम दिसले, तर लग्नाकार्यात, बाजारात नेऊ नका. गालांच्या आत मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात का ते पाहा. ती गोवराची पुरळाआधीची खूण आहे. डॉक्टरांना आधी फोन करा, म्हणजे ते मुलाला गर्दीत न बसवता बाजूला घेतील. घराच्या खिडक्या उघड्या ठेवा.

गोवर झालाच तर पाणी, दूध, पेज बंद करू नका. अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका. "देवीचा फेरा आहे, औषध नको" असं कुणी म्हटलं तर गोड बोलून बाजूला सारा. 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस लागोपाठ देतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. श्वास भराभर चालणं, छाती आत ओढली जाणं, पाणीही न पिणं, झटका, गुंगी, डोळ्याच्या बुबुळावर सारा येणं, यांतलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. घरातल्या डोस न झालेल्या मुलाला तीन दिवसांच्या आत लस मिळाली, तर आजार टळू शकतो.

आपल्या आया-सासवांच्या दंडावर देवीच्या लसीचे वण असत. १९७५ नंतर आपल्या देशात देवीच्या साथी उरल्या नाहीत, आणि १९८० मध्ये सगळं जगच त्यातून सुटल्याचं जाहीर झालं. आपल्या मुलींच्या दंडावर ते वण नाहीत, ते त्यांच्या आज्यांनी सोसलेल्या सुईमुळे.

तेव्हा हे पान मिटलंत की उठा आणि कार्ड काढून पाहा. आणि शेजारणीलाही हाक मारून विचारा, "काय गं, तुझ्या पोराचा डोस झाला का?"