दुरुस्त करणारेच बिघडले तर?

१ मे १८५४ रोजी ठाण्याहून कल्याणापर्यंत आगगाडी सुरू झाली. परंतु त्याआधी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावे लागले. पूल नाही तर गाडी नाही. संगणकातील आज्ञावलींचेही असेच आहे. एक आज्ञावली दुसरीच्या आधारावाचून चालत नाही. इयान मर्डॉक ह्यांनी १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन ह्या लिनक्स प्रणालीत पेटी उघडून वस्तू जागच्या जागी लावण्याचे काम 'डीपीकेजी' करते. कोणती पेटी आधी व कोणती मागून, हे १९९९ सालच्या आवृत्तीपासून 'ॲप्ट' पाहते.

नवी आवृत्ती बसत असता मध्येच वीज गेली, तर काही भाग नवे व काही जुने राहतात, आणि पुढील प्रत्येक सुधारणा अडते. अशा वेळी घाबरून सारी तबकडी पुसणारे वर्षभराचे टिपण व घरची छायाचित्रे गमावून बसतात. यास्तव प्रथम महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरवून ठेवावे. मग पडद्यावरील सूचना शांतपणे वाचावी.

'कुलूप लागले आहे' असे दिसल्यास बहुधा दुसरी सुधारणा आतल्या आत चालू असते. थांबावे, कुलपाची फाईल पुसू नये. तबकडीत जागा उरली आहे ना, तेही पाहावे. नंतर डीपीकेजीस 'कॉन्फिगर' ही आज्ञा सर्व पेट्यांसाठी द्यावी, म्हणजे अर्धवट राहिलेले काम ते पुरे करू लागते. आधार तुटला असल्यास ॲप्टची 'फिक्स-ब्रोकन' ही आज्ञा उपयोगी पडते. मात्र काय काय काढून टाकले जाणार, ती यादी वाचल्यावाचून होकार देऊ नये.

परंतु डीपीकेजीच बिघडले तर? वैद्यच आजारी पडल्यासारखे हे झाले! तथापि डेबियनची पेटी 'एआर' ह्या जुन्या, साध्या रीतीने बांधलेली असते. 'एआर' व 'टार' ही साधने शाबूत असल्यास डीपीकेजीची पेटी हातांनी उघडून तिच्यातील फाइली जागी ठेवता येतात. त्यानंतर लगेच तीच पेटी नेहमीच्या रीतीने पुन्हा बसवावी, म्हणजे नोंद बरोबर राहते.

विद्यार्थिमित्रांनो, मोडलेली वस्तू टाकून देणे सोपे असते. ती कोठे मोडली हे शोधून काढणे हीच खरी विद्या, असे आम्हांस वाटते.