उघड्यावर ठरलेलं गुपित

कल्याण पश्चिमेला मुरबाड रोडवर मित्राच्या घरी आम्ही वायरशार्क सुरू केलं. नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पाकीट टिपून दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर. मित्र अभियांत्रिकी कॉलेजात शिकवतो. उपकरणं आमची, हॉटस्पॉटही आमचाच. दुसऱ्याची वाहतूक अशी चोरून पाहणं गुन्हा आहे, हे त्याने वर्गातल्या सवयीने दोनदा सांगितलं.

त्याने दुसऱ्या लॅपटॉपवर लॉगिनचं एक साधं पान बनवलं होतं, एचटीटीपीवालं, म्हणजे मजकूर उघडा पाठवणारं. मी फोनवरून पासवर्ड म्हणून ‘कांदेपोहे’ रोमन अक्षरांत टाकलं आणि पडद्यावर ते जसंच्या तसं उमटलं. स्टेशनवरच्या, चहाच्या दुकानातल्या उघड्या वाय-फायवर पूर्वी हे असंच चालायचं. 2010 साली आलेल्या फायरशीप नावाच्या ब्राउझर-जोडणीने तर शेजारच्याचं फेसबुक खातं उघडणं दोन क्लिकचं काम करून टाकलं होतं.

मग तेच पान एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून. आता नुसती ‘ॲप्लिकेशन डेटा’ची रांग, आत निरर्थक अक्षरांचा कचरा. पण रांगेच्या अगदी सुरुवातीला ‘क्लायंट हॅलो’ असतो आणि तो बहुधा उघडा जातो. रेल्वे तिकिटांची साइट उघडली तेव्हा त्यात तिचं नाव स्पष्ट वाचता आलं. कुठे गेलात ते कळतं, तिथे काय बोललात ते कळत नाही.

मला खरं नवल वाटलं ते पुढे. हा कचरा उलगडणारी गुप्त किल्ली ठरते तीसुद्धा या उघड्या बोलण्यातच. डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडलेली ही युक्ती मित्राने वहीच्या पाठीमागे करून दाखवली. 3 आणि 17 हे आकडे सगळ्यांना माहीत. फोनने मनात 6 धरला: 3 चा सहावा घात 729, त्याला 17 ने भागून बाकी 15. ती पाठवली. सर्व्हरने मनात 7 धरला, त्याची बाकी 11. तीही उघड पाठवली. आता फोनने 11 चा सहावा घात घेतला, सर्व्हरने 15 चा सातवा. 17 ने भागल्यावर दोघांचीही बाकी 8. आठ हा आकडा तारेवरून गेलाच नाही! प्रत्यक्षात हाच खेळ एका वक्रावरच्या बिंदूंवर चालतो आणि 17 च्या जागी बहुधा 77 आकडी संख्या असते. सगळं ऐकणाऱ्यालाही मनातला आकडा काढता येत नाही.

मात्र मधल्या कुणी फोनशी एक आणि सर्व्हरशी दुसरी किल्ली ठरवली तर? गणित त्याला अडवत नाही. अडवतं ते प्रमाणपत्र, म्हणजे ‘हा सर्व्हर याच नावाचा’ अशी तिसऱ्याने दिलेली ग्वाही. माझ्या मते सगळी नाजूक जागा इथेच आहे, कारण ग्वाही माणसांच्या संस्था देतात. जुलै 2014 मध्ये आपल्याच सरकारी एनआयसी या संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गुगलला आढळलं आणि एनआयसीचे ते अधिकारच रद्द करावे लागले. आता अशा प्रमाणपत्रांची जाहीर नोंदवही असते. तिच्यात नोंद नसलेलं नवं प्रमाणपत्र क्रोम 2018 पासून मानत नाही.

बरं, ग्वाही फक्त नावाची, चारित्र्याची नव्हे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून प्रमाणपत्र फुकट मिळतं, काही मिनिटांत. नाव तुमच्या ताब्यात आहे एवढंच ते तपासतात. ‘आज रात्री वीज कापली जाईल’ छापाच्या मेसेजमागच्या नकली पानालाही ते मिळू शकतं, आणि ठगापर्यंतचा रस्ताही मग तितकाच सुरक्षित. म्हणूनच सप्टेंबर 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं.

डोंबिवलीची माझी आत्या मात्र अजून कुलूपच शोधते. सध्या मी तिला पत्ता उलटा वाचायला शिकवतोय: पहिली एकेरी तिरपी रेघ शोधायची, तिथून डावीकडे यायचं, आणि शेवटच्या टिंबाच्या आसपास बँकेचंच नाव आहे का ते बघायचं. तिचा आक्षेप असा की फोनवर पत्ता अर्धाच दिसतो.