नऊ झाडं आणि आपला फेस्ट

माझ्यापुढे जेमतेम पंधरा-वीस जण उरले होते आणि व्हॉलंटियरनं गेट लावून घेतलं. 'फुल्ल!' विषय संपला. आतले कुणी बाहेर आले तरच पुढच्यांना सोडणार. माझा पारा चढला. दोन वर्षं पैसे साठवले, व्हिसाच्या कागदपत्रांसाठी खेटे घातले, चार रात्री ओल्या टेंटमध्ये कुडकुडत काढल्या, ते सगळं या एका बँडसाठी. (बँडचं नाव सांगत नाही, आमच्या ग्रुपमध्ये आधीच पुरेशी चेष्टा झालीये.) आणि आता शो लांबून बघायचा?

स्थळ : रोस्किल्ड, डेन्मार्क. कोपनहेगनहून ट्रेननं जेमतेम अर्ध्या तासावरचं गाव. एरवी डॅनिश राजे-राण्या जिथे दफन केल्यात त्या कॅथेड्रलसाठी प्रसिद्ध. पण जूनच्या शेवटी तिथे आठ दिवस म्युझिक फेस्टिव्हल भरतो आणि लाखाहून जास्त माणसं मैदानात टेंट ठोकून राहतात. पहिले काही दिवस कुणी नावही न ऐकलेले, नवेकोरे नॉर्डिक बँड छोट्या स्टेजवर वाजवतात. खरे इंडी चाहते तेव्हाच येतात. मोठी नावं शेवटच्या चार दिवसांत. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे झोपायची वेळ झालीये हे शरीराला पटतच नाही. पाऊस आला की चिखल, आणि चिखलात नाचणारी पोरं. आपल्याकडच्या दहीहंडीची आठवण यावी, असा माहोल!

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, बरीच वर्षं कोपनहेगनमध्ये नोकरी करते. ती तिथे व्हॉलंटियर होती. आठ-आठ तासांच्या काही शिफ्ट करायच्या, त्या बदल्यात तिकीट. असे जवळपास ३० हजार व्हॉलंटियर हा फेस्टिव्हल चालवतात. फायदा कुणाच्या खिशात जात नाही, सामाजिक आणि सांस्कृतिक कामांना दिला जातो. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे १९७१ मध्ये हे सुरू करण्यात पुढाकार होता तो शाळेत शिकणाऱ्या दोन मुलांचा. फेस्ट कमिटीत रात्री जागवणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

तर, गेट बंद झालं. मी ताईला फोन लावला. तिची ड्युटी स्टेजच्या पुढच्या भागात, गर्दीला पाण्याचे ग्लास द्यायची. म्हटलं, "ताई, तू आहेस ना तिथे? एकटीला तर घ्यायचंय आत. सांग ना त्यांना!"

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शो मी मागून, मोठ्या स्क्रीनवर बघितला. बँड मस्त वाजला, पण माझं निम्मं लक्ष ताईवर चिडण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला ऑरेंज स्टेजजवळ घेऊन गेली. नारिंगी कनातीसारखं छत असलेलं हे स्टेज १९७८ पासून या फेस्टिव्हलची ओळख आहे. जवळच एक मोठा दगड आहे, भोवती नऊ झाडं. "मोज," ताई म्हणाली. मी मोजली.

३० जून २००० च्या रात्री पर्ल जॅम या बँडचा शो याच स्टेजवर सुरू होता. पाऊस, घसरडी जमीन आणि पुढे सरकणारी गर्दी. पुढचे काही जण पडले. मागच्यांना ते दिसलंच नाही, ते पुढे रेटत राहिले. बँडनं शो थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं, पण उशीर झाला होता. नऊ तरुण गेले. साधारण आपल्याच वयाचे. एक झाड एकेकासाठी.

त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. आज स्टेजसमोरचा भाग बॅरिकेडनं वेगळा केलेला असतो, रांगेतूनच आत जायचं आणि ठरलेला आकडा भरला की गेट बंद. लोकांच्या डोक्यावरून तरंगत जायलाही बंदी. "काल तुला एकटीला सोडलं असतं," ताई म्हणाली, "तर तुझ्या मागच्याचीही कुणीतरी ताई असतेच की आत."

मी गप्प बसले. कारण मला वेगळंच काहीतरी आठवत होतं.

सेकंड इयरला मी आमच्या कॉलेज फेस्टच्या गेट कमिटीत होते. विदाउट पास कुणी घुसू नये म्हणून आम्ही ऑडिटोरियमचा एक दरवाजा आतून कडी लावून बंद केला. दुसऱ्या दरवाजातून मी माझ्या 'आपल्या' माणसांना हळूच सोडत होते. सात-आठ नाही, तीस-चाळीस तरी असतील. बँड सुरू झाल्यावर मागून लोंढा आला आणि एक मुलगी पायऱ्यांवर पडली. गुडघे फुटले, चप्पल हरवली, बस. नंतर आम्ही त्यावर हसलोसुद्धा. कमिटीच्या ग्रुपवर 'हाऊसफुल्ल' म्हणून स्टेटस टाकलं होतं आम्ही!

२५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात टेक फेस्टच्या कॉन्सर्टला पाऊस आला, बाहेरची गर्दी आत घुसली, पायऱ्यांवर लोक एकमेकांवर पडले. चार जण गेले. ती बातमी मीही वाचली होती, दोन मिनिटं हळहळले होते. आमच्या त्या पायऱ्यांशी तिचा संबंध मात्र जोडला नव्हता. तो जोडायला मला डेन्मार्कला जाऊन नऊ झाडं मोजावी लागली.

परदेशातल्या फेस्टिव्हलला जरूर जा. स्लीपिंग बॅग जाड घ्या, रेनकोट विसरू नका, अनोळखी बँड आधी ऐका. पण त्याआधी तुमच्या कॉलेजच्या फेस्ट मीटिंगमध्ये हात वर करून तीन प्रश्न विचारा. हॉलमध्ये माणसं मावतात किती? दरवाजे किती, आणि ते आतून उघडतात का? पुढे कुणी पडलं, तर माइक बंद करा हे बँडला सांगणार कोण? 'मूड खराब करू नकोस' असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

जानेवारीत आमचा फेस्ट आहे. माझं कॉलेज संपलंय, पण ज्युनिअर्सनी मला गेटवर बोलावलंय. दोन्ही दरवाजे उघडे राहणार, आकडा भरला की आत येणं बंद. माझे मित्र आत्तापासूनच विचारतायत, "आम्हाला तर सोडशील ना?"

नाही सोडणार.