तान्ह्या बाळाचा इसब

मार्गशीर्ष लागला की पैनगंगेच्या दक्षिण काठावरील आदिलाबाद जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच येतात. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि कोरडी, बोचरी थंडी पडते. दुपारी ऊन चटका देते, पण पहाटे शेकोटीवाचून बसवत नाही. मोठ्या माणसांचे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. याच दिवसांत बेला, जैनद, तांसी या बाजूच्या एखाद्या घरी तीन-चार महिन्यांच्या बाळाचे गाल खरखरीत होऊ लागतात. आधी बारीक पुरळ उठते, मग लस पाझरते, खपली धरते. बाळाला हाताने नीट खाजवता येत नाही, म्हणून ते आपला गाल आईच्या खांद्याला घासते. रात्री ते झोपत नाही आणि घरालाही झोपू देत नाही.

पुढचा क्रम बहुतेक घरी ठरलेला असतो. सासूबाई विचारतात, "सूनबाई, वांगे खाल्लेस का?" शेजारीण कडुलिंबाचा काढा सुचवते. घरधनी बाजारातून येताना औषधाच्या दुकानातून एक नळी घेऊन येतो. प्रत्येकाच्या मनात बाळाचे हितच असते. तरीही पंधरा दिवसांत आईचा आहार निम्मा होतो, बाळाची त्वचा अधिक कोरडी पडते आणि कोवळ्या गालावर मोठ्या माणसाचे औषध चढते. म्हणूनच हा विकार काय आहे, हे समजून घेणे उपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

या भागात नावापासूनच घोटाळा सुरू होतो. मराठी घरांत इसब, नायटा, गजकर्ण आणि खरूज हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात; तेलुगू बोलणारे शेजारी गज्जी आणि तामर म्हणतात. वस्तुतः हे आजार निरनिराळे आहेत. नायटा अथवा गजकर्ण बुरशीने होतो. त्याचे वर्तुळ कडेने वाढत जाते आणि मध्ये निवळते. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. ती घरातील अनेकांना एकदम होते, रात्री कंड वाढवते आणि तान्ह्या बाळाच्या तळहातांवर व तळपायांवरही उठते. पहिल्या काही आठवड्यांत टाळूवर जमणारी पिवळी, तेलकट खपली हाही वेगळा प्रकार आहे. तिला फारसा कंड नसतो आणि ती बहुधा आपोआप जाते. या सर्वांहून इसब निराळा. तो बुरशीचा नाही, किड्याचा नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. इसब असलेल्या बाळाला कडेवर घेण्यास किंवा भावंडांजवळ निजवण्यास कोणतीही हरकत नाही.

तान्ह्या वयात इसब प्रामुख्याने गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर दिसतो. लंगोटाखालची जागा बहुधा स्वच्छ राहते. मूल चालू-बोलू लागले की तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत सरकतो. पाश्चात्त्य ग्रंथांत तो लालभडक रंगवलेला असतो. सावळ्या कांतीवर मात्र तो काळपट किंवा राखाडी दिसतो, आणि केवळ लाली शोधणाऱ्याला तो सापडत नाही. अशा त्वचेवर डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विश्वास ठेवावा. हात फिरवला की खरखर कळते.

इसब का होतो? निरोगी त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. ही भिंत अंगातील ओलावा आत राखते आणि बाहेरील धूळ, साबण व जंतू यांना अडवते. इसब असलेल्या मुलांत या भिंतीला जन्मतःच फटी असतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, ही भिंत घडवण्यास लागणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाच्या मुळाशी अनेकदा असतो. सर्वच रुग्णांत हा दोष आढळत नाही, परंतु आई-वडिलांपैकी कोणाला दमा, सततची सर्दी-शिंका किंवा लहानपणीचा इसब असेल तर बाळाला तो होण्याचा संभव वाढतो. फटींतून ओलावा उडून जातो, बाहेरील द्रव्ये आत शिरतात, शरीर त्यांच्याशी झगडू लागते आणि त्या झगड्यातून दाह व कंड उपजतो. खाजवल्याने फटी वाढतात, फटी वाढल्या की कंड वाढतो. हे चक्र तोडणे हेच उपचाराचे सार होय.

यावरून हेही ध्यानात येईल की, आईच्या दुधातील तथाकथित उष्णतेचा किंवा तिच्या पानातील वांग्याचा येथे मुळाशी संबंध नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेने केवळ इसबाच्या भीतीने दूध, डाळी, शेंगदाणे वर्ज्य केल्यास बाळाचा इसब सहसा बरा होत नाही. माता मात्र अशक्त होते. स्तनपान तर मुळीच थांबवू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर ती गोष्ट वेगळी. तेथे वैद्यकीय सल्ल्यानेच पथ्य ठरवावे.

उपचाराची पहिली पायरी स्नानाची. आपल्याकडे बाळाला कढत पाण्याने, डाळीच्या पिठाने चोळून न्हाऊ घालण्याची आणि नंतर धुरी देण्याची रीत आहे. इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी सोडाव्यात. कढत पाणी त्वचेतील स्निग्धांश धुऊन नेते, पीठ खरवडते आणि धुराने त्वचा व श्वासनलिका दोन्ही चिडतात. पाणी कोपर बुडवून पाहिले असता जेमतेम कोमट लागावे. स्नान पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. सुवासिक साबण वर्ज्य करावा. लागलाच तर सौम्य, बिनवासाचा साबण केवळ मळलेल्या जागी लावावा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाण्यात जंतुनाशक द्रव ओतू नये. कडुलिंबाचा दाट काढा, हळद किंवा लिंबू चिघळलेल्या त्वचेला झोंबते.

दुसरी पायरी स्निग्ध लेपाची, आणि ती सर्वांत मोलाची. स्नानानंतर मऊ पंचाने अंग टिपून घ्यावे, पुसू नये. त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सर्वांगाला लेप लावावा. महागड्या डब्याची गरज नसते. साधी, पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली हे काम उत्तम करते. लेप चोळू नये, केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने हलक्या हाताने पसरावा, आणि दिवसातून निदान दोन-तीन वेळा लावावा. अंगभर इसब असलेल्या बाळाला आठवड्याला शंभर ग्रॅमपर्यंत लेप लागू शकतो; चिमूटभर लावून गुण येत नाही. उन्हाळ्यात मात्र दाट लेपाखाली घाम कोंडून घामोळे उठते, म्हणून त्या दिवसांत पातळ क्रीम वापरावे. एक सावधगिरी अवश्य घ्यावी. असा लेप मुरलेले दुपटे चटकन पेट घेते. शेकशेगडी आणि चूल यांपासून बाळाला दूर ठेवावे.

तेलाचे काय, हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते आणि तो रास्त आहे. शुद्ध खोबरेल अनेक बाळांना मानवते, सूर्यफुलाचे तेलही चालते. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल टाळावे. ती त्वचेची भिंत अधिक कमकुवत करतात, असे प्रयोगांतून आढळले आहे. भुईमुगाचे तेल इसबाच्या त्वचेवर लावू नये. चिघळलेल्या त्वचेतून शेंगदाण्याचा अंश आत गेल्यास पुढे शेंगदाण्याचे वावडे निर्माण होण्याचा धोका असतो, असे इंग्लंडमधील २००३ च्या अभ्यासात दिसून आले. गमतीची गोष्ट ही की, तोच शेंगदाणा तोंडावाटे योग्य वेळी दिला तर उलट संरक्षण देतो. लंडन येथे तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या ६४० बालकांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिल्या वर्षातच शेंगदाणा खाऊ लागलेल्या मुलांत त्याचे वावडे फार कमी आढळले. मात्र तीव्र इसबाच्या बाळाला तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि पेजेत बारीक कूट मिसळूनच द्यावा. अख्खा दाणा घशात अडकतो.

लेपाविषयी एक गैरसमज दूर व्हावा. जन्मापासून रोज लेप लावला तर इसब होणारच नाही, अशी आशा काही काळ होती. इंग्लंडमधील १,३९४ बालकांच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती आशा मावळली. लेप इसब टाळत नाही. झालेला इसब आटोक्यात ठेवतो.

नुसत्या लेपाने दाह शमला नाही, तर तिसरी पायरी येते, ती स्टेरॉइडयुक्त मलमाची. या नावाने काही पालक घाबरतात, काही त्याचा अतिरेक करतात. दोन्ही घातक आहे. सल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकन वैद्यांनी १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोनचे मलम त्वचेच्या विकारांवर गुणकारी असल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून इसबाच्या उपचारांचे स्वरूपच पालटले. बाळाच्या चेहऱ्यासाठी एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखे सौम्य मलम, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावले तर ते सुरक्षित असते. प्रमाण मोजण्याची रीत सोपी आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते. ती मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

खरा धोका दुकानातून विचारल्यावाचून आणलेल्या नळीत असतो. तिच्यात पुष्कळदा क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक अशी तीन औषधे एकत्र असतात. दोन दिवसांत पुरळ मावळते, म्हणून औषध रामबाण वाटते. बंद करताच इसब दुप्पट जोराने उसळतो आणि नळी पुन्हा आणली जाते. तान्ह्या बाळाची त्वचा पातळ, आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे. म्हणून असे औषध रक्तात उतरते. त्वचा झिजते, चेहरा सुजतो, वाढ खुंटते. या कारणानेच केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. बंदी कागदावर राहू नये, हे ग्राहकाच्याही हाती आहे.

घरातील काही साध्या गोष्टी या तीन पायऱ्यांना बळ देतात. हा कापसाचा जिल्हा आहे. बाळाच्या अंगाशी सुतीच वस्त्र असावे. जुन्या धुवट लुगड्याचे किंवा धोतराचे दुपटे नव्या झबल्याहून बरे. लोकरीची कुंची घालायचीच तर आत सुती टोपी असावी. कपडे दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत, म्हणजे धुण्याच्या भुकटीचा अंश राहणार नाही. गोधड्या वरचेवर उन्हात घालाव्यात. वेचणीहून परतलेल्या मातेच्या हातावर आणि पदरावर कापसाची धूळ व फवारणीचा अंश असतो. हातपाय धुऊन, लुगडे बदलून मगच बाळाला घ्यावे. बाळाची नखे कापलेली असावीत आणि रात्री हातांना सैल सुती पिशव्या बांधाव्यात.

लसीकरणाविषयी जुनी शंका अजून ऐकू येते. "इसब असताना टोचू नये" हा समज निराधार नव्हता. देवीची लस इसब असलेल्या मुलाला खरोखरच घातक ठरू शकत असे. परंतु भारतातून देवी १९७५ मध्ये हटली आणि मुलांना ती लस देणे केव्हाच थांबले. आज बाळाला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या लसी इसबामुळे चुकवू नयेत.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे? पिवळी खपली धरून पू होऊ लागला तर जंतुसंसर्ग झाला असे समजावे. त्याहून तातडीची खूण म्हणजे ताप येऊन अंगावर एकसारख्या, मध्ये खोल असलेल्या फोडांचे पुंजके उठणे. ओठांवर जर उठवणाऱ्या विषाणूंचा तो हल्ला असतो आणि त्यात एक रात्रही दवडू नये. ज्याला जर उठली आहे त्याने बाळाचे मुके घेऊ नयेत, ते याचसाठी. तसेच बाळाचे वजन वाढत नसेल, किंवा आठवडाभर नीट लेप लावूनही झोप लागत नसेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जरूर पडल्यास आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठावे.

इसब निवळताना कधी फिकट चट्टे राहतात आणि घरात कोडाची धास्ती पसरते. मुलगी असेल तर आतापासून तिच्या लग्नाची चर्चा होते. हे कोड नव्हे. दाह शमल्यावर काही महिन्यांत मूळचा रंग परत येतो. बहुतेक मुलांचा इसब शाळेच्या वयापर्यंत पुष्कळ ओसरतो; काहींचा राहतो, काहींना पुढे दमा किंवा शिंकांचा त्रास होतो. म्हणून तो "मुळापासून" घालवण्याचे वचन देणाऱ्यापासून चार पावले दूर राहावे.

तोवर रोजचे काम थोडेच आहे. कोमट पाणी, टिपलेले अंग, भरपूर लेप, सुती दुपटे. हे काम एकट्या आईवर न टाकता आजीने आणि वडिलांनी वाटून घेतले, आणि वांग्याचा प्रश्न विचारणे सोडून दिले, तर बाळाबरोबर आईलाही झोप लागेल.